नेमाचा रकाना

द्वारका मिरगणे यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्याला येत्या मार्गशीर्षात अकरा वर्षं होतील.

पत्र आखीव कागदावर होतं. अक्षर शाळेतल्या फळ्यावर असतं तसं, सुटं आणि गोल. बाई प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं : "सेलेनियमच्या तपासणीत माझा फॉर्म आपण भरलात. 'आहारात बदल नाही' अशी त्यात नोंद आहे, हे मला परवा प्रत मिळाल्यावर दिसलं. त्या वर्षी चातुर्मासात मी धान्य सोडलं होतं. वरई, साबुदाणा, राजगिरा आणि दूध एवढ्यावर होते. नेम सांगू नये म्हणतात, म्हणून मी बोलले नाही. आपणही विचारलं नाहीत. याने निष्कर्षात काही फरक पडतो का, कृपया कळवावे."

मी ते तीनदा वाचलं आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं. आधी वाटलं, नीट विचार करून लिहू. मग उशीर झाला, तेव्हा उशिराबद्दल काय लिहायचं ते ठरेना. त्यानंतर इतका काळ गेला की उत्तर लिहिणंच विचित्र दिसलं असतं. माझी बरीच कामं अशीच राहिली आहेत.

मी बार्शीच्या नगर वाचनालयात छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. लग्न केलं नाही. विधवा थोरली बहीण वेणूअक्का आणि मी एकत्र राहतो. निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी बाहेरगावचे संशोधक आले. त्यांना फॉर्म भरायला वळणदार अक्षराचा माणूस हवा होता. कोणीतरी माझं नाव सुचवलं.

विषय असा होता. सेलेनियम हे मातीतलं एक मूलद्रव्य. गहू, डाळी, अंडी, मासळी यांतून ते आपल्या पोटात जातं. शरीराला ते अगदी कणभर लागतं, पण त्या कणावाचून काही प्रथिनं बनतच नाहीत. त्यातली काही पेशींना गंजण्यापासून वाचवतात. इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी तर फारच नाजूक, त्यामुळे पाळी गेलेल्या वयस्कर बायकांना थोडं जास्त सेलेनियम दिलं तर त्यांची रक्तातली साखर आवरेल, असा संशोधकांचा कयास होता.

साठीपुढच्या दोनशे बारा बायकांना रोज एक गोळी द्यायची, आधी रक्त तपासायचं, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. पहिला नमुना भाद्रपदात घेतला, दुसरा फाल्गुनात. संशोधकांच्या वहीत सप्टेंबर आणि मार्च एवढंच होतं. तुलनेसाठी शेजारच्या तालुक्यातल्या तितक्याच बायकांना औषध नसलेल्या पोकळ गोळ्या द्यायच्या होत्या, पण तिथली नोंदणी पावसापाण्यामुळे रखडली आणि कार्तिकी एकादशी उलटल्यावर झाली. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला दिसायला हवं होतं.

फॉर्मवर नववा रकाना होता : 'सध्या उपवास, नेम, आहारातील बदल.' पहिल्या दिवशी मी देवळाच्या सभामंडपात टेबलाशी बसलो आणि समोरच्या बाईंना खाली मान घालून विचारलं, "काही नेम वगैरे?" त्या हसल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, "ते काय सांगायचं असतं होय, सर?" मागच्या दोघीही हसल्या. माझे कान तापले. चौथ्या बाईपासून मी विचारणंच सोडलं. नवव्या रकान्यात 'बदल नाही' लिहीत गेलो, दोनशे बारा वेळा, सुवाच्य अक्षरात.

ज्येष्ठात निकाल आला. बायकांच्या रक्तात सेलेनियम वाढलं होतं आणि साखर झपाट्याने उतरली होती. पोकळ गोळीवाल्या गटात काहीच घडलं नव्हतं. इतरत्र झालेल्या तपासण्यांमध्ये असा ठाम निकाल कधी आला नव्हता. आपल्याकडच्या वयस्कर बायकांवरची ही एकमेव मोठी तपासणी, म्हणून पुढे जे यंत्र आलं त्याला तिच्यावरूनच शिकवलं गेलं. यंत्राचं नाव 'सखी'. तांदळाच्या दाण्याएवढी कुपी दंडाच्या कातडीखाली बसवतात. ती दर पाच मिनिटांनी साखर मोजते आणि साखर वाढलेली दिसली की सेलेनियमचा सूक्ष्म अंश रक्तात सोडते. घरात एक छोटी डबी असते, ती बोलते. पासष्टीपुढच्या प्रत्येक बाईला सखी मिळू लागली. अक्काला चार वर्षांपूर्वी मिळाली. तपासणीतल्या मदतीबद्दल मला मिळालेलं मानपत्र आमच्या बैठकीत लावलेलं आहे, अक्काने स्वतः खिळा ठोकून.

यंदा श्रावणात एका सकाळी लीलाबाई कोकाटे आल्या. त्यांच्याकडे भजनी मंडळ चालतं. चहा नको म्हणाल्या, पाणी घेतलं, मग खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"अक्का, रागावू नका हं."

"रागवायचं काय ते आधी सांग," अक्का म्हणाली.

"चातुर्मास चालू आहे ना. आपल्या मंडळात कांदा-लसूण कुणी खात नाही."

"मग?"

"तुमच्या तोंडाला लसणाचा वास येतो. बायका कुजबुजतात. पुढच्या रांगेत बसता तुम्ही."

अक्काने रिकामा पेला उचलला. लीलाबाई गेल्यावर तिने मला हाक मारली.

"पुरू, इकडे ये. वास घे."

"काहीतरीच काय."

"घे म्हणते ना." ती तोंड उघडून माझ्यासमोर उभी राहिली. "येतो?"

"थोडा."

"थोडा म्हणजे किती? ग्रंथपाल होतास. मोघम नको."

"बराच येतो, अक्का."

ती पाटावर बसली. तिच्यापुढे सूपभर भुईमुगाच्या शेंगा होत्या. एक शेंग उचलून तिने दाबली, तसा अंगठ्याच्या नखाचा तुकडा पडला. नखांवर पांढरे पट्टे होते. विंचरताना तिच्या फणीत केसांचे पुंजके येतात, हे मी काही महिन्यांपासून पाहत होतो. वय झालं, असं आम्ही दोघंही म्हणत होतो.

"आषाढापासून मी लसणाला हात लावला नाही," ती म्हणाली. "तूच भाजी आणतोस. आणलास का कधी?"

"नाही."

"मग मी म्हातारपणी चोर ठरले की नाही?"

फळीवरची डबी म्हणाली, "वेणूताई, आपली साखर एकशे चौऱ्याण्णव आहे. आपल्यासाठी मात्रा वाढवली आहे."

"सांगत काय बसतेस, उतरव की," अक्का तिला म्हणाली. त्या दिवसापासून ती भजनाला गेली नाही. दारातही उभी राहीना.

मला वाचण्यावाचून काही येत नाही, म्हणून मी वाचलं. शरीरात सेलेनियम जास्त झालं की ते श्वासावाटे बाहेर पडतं आणि त्याला लसणासारखा वास असतो. केस गळतात, नखं ठिसूळ होतात, बोटं बधिर होतात. आणि सेलेनियमचं साखरेशी असलेलं नातं आमटीतल्या मिठासारखं आहे. कमी पडलं तर बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं. जास्त झालं की यकृत एक प्रथिन भरमसाट बनवू लागतं. ते इन्शुलिनच्या निरोपात अडथळा आणतं. निरोप पोचत नाही आणि साखर वाढते.

मी पुस्तक मिटलं आणि डबीकडे पाहिलं. साखर वाढली की ती सेलेनियम सोडत होती. सेलेनियमने साखर वाढत होती. मग ती आणखी सोडत होती.

दुसऱ्या दिवशी अक्काला घेऊन मी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर मुजावर तिशीतल्या आहेत. त्यांनी अक्काची नखं दिव्याखाली धरून पाहिली, पायाच्या बोटांना टाचणी लावली. अक्काला डाव्या पायाला टाचणी कळलीच नाही. तिला बाहेरच्या बाकावर बसवून त्या मला म्हणाल्या, "काका, लक्षणं मला दिसताहेत. पण रक्तातलं सेलेनियम ठरलेल्या पट्ट्यात आहे. वरच्या टोकाला आहे, पण आत आहे."

"पट्टा कुणी ठरवला?"

"तुमच्याच बार्शीच्या तपासणीने. वयस्कर बायकांना वरचं टोक सगळ्यात मानवतं, असं त्यात दिसलं होतं."

मी विचारलं, "कुपी काढता येईल?"

"मी काढली तर माझी नोकरी जाईल, ते राहू दे. पण परवानगीशिवाय कुपी बंद पडली की बाईला निरीक्षण कक्षात हलवतात. सोलापूरला. तिथे दुसऱ्या हाताला नवी बसवतात. तुमच्या गल्लीतल्या मथूमावशींनी ब्लेडने काढली होती ना?"

मथूमावशींना तिथे तीन आठवडे ठेवलं होतं. परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही दंडांवर टाके होते.

"गोड बंद केलंय. एक वेळ जेवते," मी म्हणालो.

"जेवण कमी केलं तरी या मात्रेपुढे साखर उतरणार नाही. आणि पायाचं असंच चाललं तर वर्षभरात जखम होईल, ती कळणारही नाही. मग पाय वाचवणं अवघड." त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक वाट आहे. मूळ तपासणीच्या नोंदीच चुकल्या होत्या असं दाखवता आलं, तर फेरतपासणीचा अर्ज करता येतो. अर्ज दाखल झाला की अर्जदाराची मात्रा त्याच दिवशी थांबते. पण दोन निवेदनं लागतात. एक नोंद करणाऱ्याचं. आणि एक तपासणीतल्या बाईचं. अर्जदार सोडून दुसरी कुणीतरी हवी, नात्यातली नको. आजवर असा अर्ज एकही आलेला नाही. बारा वर्षांपूर्वी फॉर्म कुणी भरले होते, ते शोधायचं कुठे?"

मी त्यांच्या टेबलावरचा काचेचा गोळा पाहत राहिलो. "शोधतो," म्हणालो आणि बाहेर आलो. त्या क्षणी "मीच" एवढं म्हणायचं होतं. दोन अक्षरं.

पुढचे आठ दिवस मी घरातल्या घरात फिरत होतो. एकदा वाटे, माझंच चुकत असेल. मोठमोठ्या लोकांनी तपासलेलं काम, त्यात ग्रंथपालाला काय कळतं? म्हणून मी एका पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं. भाद्रपदात बायका उपासाच्या पदार्थांवर होत्या. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, म्हणून साखर चढलेली. गहू-डाळ बंद, म्हणून सेलेनियम उतरलेलं. फाल्गुनात बायका पोळी-भाजीवर परतल्या. साखर उतरली, सेलेनियम चढलं. गोळी दिली नसती तरी हेच झालं असतं. पोकळ गोळीवाल्यांचा पहिला नमुना नेम सुटल्यावरचा, म्हणून त्यांच्यात फरक दिसला नाही. जिचा नेम सगळ्यात कडक तिची साखर सगळ्यात जास्त उतरली आणि तिच्यावरून यंत्राचं वरचं टोक ठरलं. मी ते चार वेळा तपासलं. चूक सापडावी अशी माझी फार इच्छा होती.

आणि मला कळलं नव्हतं, असंही म्हणता येत नव्हतं. दोनशे बारा बायकांत एक अक्का होती.

नवव्या दिवशी सकाळी ती शेंगा घेऊन बसली, तेव्हा मी समोर बसून फोडू लागलो. तिने दाणे निवडायचे असं आमचं ठरलं होतं, पण बधिर बोटांतून दाणे निसटत होते.

"अक्का, त्या वर्षी तू चातुर्मासात धान्य सोडलं होतंस."

"कुठल्या?"

"गोळ्यांची तपासणी झाली त्या वर्षी."

तिने मान वर केली. "तुला काय करायचंय?"

"तुझा फॉर्म मी इथेच भरला. तुझ्यासमोर वरईचं ताट होतं. तरी मी 'बदल नाही' लिहिलं."

"मीच म्हणाले होते ना, लिहू नकोस म्हणून. नेम कागदावर आला की संपला."

"तू म्हणालीस. बाकीच्यांना मी विचारलंच नाही. लाज वाटली." मग मी सगळं सांगितलं. पत्र, पट्टा, कुपी, तिचा पाय. सांगताना मी शेंगाच फोडत होतो. तिच्याकडे पाहिलं असतं तर मधेच थांबलो असतो.

तिने निसटलेला एक दाणा उचलला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या तोंडाला वास येतो, तो तुझ्या अक्षराचा."

"हो."

"अकरा वर्षं त्या बाईंचं पत्र ठेवलंस?"

"हो."

"कोणत्या पुस्तकात?"

"शब्दकोशात."

"शब्द सापडला नाही वाटतं तेवढ्यात." ती दाणे हातात घोळवत राहिली. "मी तुला लहानपणी शाळेत सोडायला जायचे. दारात उभा राहायचास. मास्तर हजेरी घ्यायचे, तू तोंडातल्या तोंडात हजर म्हणायचास. ते तुला गैरहजर लावायचे. घरी येऊन माझ्यापाशी रडायचास."

मी हातातली शेंग फोडली.

"माझा पाय जाईल का रे?"

"जाऊ शकतो."

"आणि बाकीच्या बायका? सखी घेतलेल्या?"

"सगळ्यांना त्रास होईलच असं नाही. पण ज्यांना होतोय त्यांना कुणी सांगत नसेल."

"आपल्याला कोणी सांगितलं?" तिने सूप बाजूला सारलं. "निवेदन लिही. माझाही नेम लिही त्यात."

"नेम सांगितला की फळ जातं, म्हणायचीस."

"तुझ्या डोळ्यांसाठी धरला होता. ऑपरेशन झालं, तू पुन्हा वाचायला लागलास. फळ मिळून गेलं. देव काय आता ते परत मागायला येणार आहे?"

बारा वर्षं ते मला माहीत नव्हतं. त्या वेळी माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि डॉक्टरांनी उजव्या डोळ्याची खात्री दिली नव्हती. मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो.

निवेदन एका बैठकीत झालं. त्यात फक्त चूक लिहायची होती आणि ती मला पाठ होती. डॉक्टर मुजावरांकडे ते दिलं तेव्हा त्यांनी पहिली ओळ वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली.

"त्या दिवशी इथेच बसला होतात तुम्ही, काका."

"हो."

"बोलला नाहीत."

"नाही."

त्यांनी कागद खणात ठेवला. "सखी चालवणारं मंडळ तुमची चौकशी करेल. वर्तमानपत्रवालेही येतील. माझ्याही सहाशे बायकांना मीच सांगितलंय, सखी चांगली म्हणून. त्या मला विचारतील." आवाज चढलेला नव्हता. "दुसरं निवेदन कधी आणताय?"

तेच अवघड होतं. यादीतल्या ज्या बायका माझ्या माहितीतल्या, त्यांपैकी काही गेल्या होत्या, काही मुलांकडे परगावी. लीलाबाई तपासणीत होत्या, पण त्यांनी नेम सांगायला साफ नकार दिला. "आणि तुमचाच हात त्यात, सर," असंही म्हणाल्या. ते खरंच होतं. स्वतःहून लिहिलेली, तारीख घातलेली, सहीची कबुली एकाच बाईची होती. पण ते जुनं पत्र अर्जाला चालणार नव्हतं. निवेदन ताजं हवं, त्यांच्या हातचं, त्यांच्या मनाने दिलेलं.

मिरगणेबाई हयात आहेत, हे शाळेतून कळलं. वय ब्याऐंशी. धाराशिवला मुलीकडे असतात. शाळेच्या कारकुनाने पत्ता दिला आणि म्हणाला, "फोन लावून देऊ का, सर? लगेच काम होईल." मी नको म्हणालो. फोनवर मी तोंडातल्या तोंडात बोललो असतो.

उत्तर लिहायला चार दिवस लागले. पहिल्या मसुद्यात तीन पानं माझ्याबद्दलच होती. माझा स्वभाव, माझी भीड, माझी प्रकृती. अक्काने वाचायला मागितला.

"त्यांनी काय विचारलं होतं?" ती म्हणाली.

"फरक पडतो का."

"मग यात उत्तर कुठाय?"

मी तो फाडला. शेवटी एक पान राहिलं.

"श्रीमती द्वारकाबाई मिरगणे यांस सप्रेम नमस्कार. आपल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : हो, फरक पडतो. निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो चुकीच्या नोंदींमुळे चुकीचा आहे. त्या नोंदी मी केल्या. आपण कळवलंत तेव्हाच मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर सखी आली नसती, किंवा अशी आली नसती. माझ्या बहिणीचा पाय धोक्यात आहे. आपल्यालाही सखी बसवली असेल तर सोबतच्या कागदावरची लक्षणं कृपया पाहावीत आणि डॉक्टरांना दाखवावीत. हे पहिल्यांदा करावं. त्यानंतर जमलं तर, आणि वाटलं तरच, आपल्या त्या वर्षीच्या नेमाबद्दल निवेदन द्यावं. नेम सांगायला लावतो आहे, याची जाणीव आहे. नाही म्हणालात तर ते योग्यच असेल. आपण नाही म्हणालात म्हणून मी माझं निवेदन मागे घेणार नाही. पुरुषोत्तम जहागीरदार."

खाली मी क्षमेचं एक वाक्य लिहिलं होतं. ते खोडलं, मग खाडाखोड वाईट दिसते म्हणून पान नव्याने लिहिलं. वाक्य पुन्हा लिहिलं. या वेळी राहू दिलं.

पोस्टात मी एकटाच जाणार होतो. चप्पल घालताना पाहिलं तर अक्का इरकली नेसून दारात उभी होती. आरोग्य केंद्राची ती एक फेरी सोडली तर दीड महिन्यांनी ती उंबऱ्याबाहेर पडत होती. तोंडाला तिने काही लावलं नव्हतं.

"तुझा पाय," मी म्हणालो.

"दुखत नाही. तीच तर तक्रार आहे." तिने माझा दंड धरला. "चल."

आम्ही हळूहळू गेलो. ती डावं पाऊल टाकण्याआधी जमिनीकडे पाहत होती, कारण पाऊल टेकलं की नाही हे तिला डोळ्यांनीच कळत होतं. कोपऱ्यावर लीलाबाई भाजी घेत होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं. अक्का थांबली नाही.

पोस्टाबाहेर पेटी होती. मी लिफाफा काढला आणि पेटीच्या तोंडाशी धरला. मनात आलं, बाईंना आता त्रास देणं बरं का, वय ब्याऐंशी. मनात आलं, एकदा पुन्हा वाचून उद्या टाकावं.

"पत्ता नीट लिहिलास?" अक्काने विचारलं.

"लिहिला."

"पिनकोड?"

"आहे."

"तिकीट?"

"लावलंय."

तिने पुढे काही विचारलं नाही. माझा दंड मात्र सोडला, आणि आधाराला पेटी धरून, माझ्याकडे न बघता रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी पत्र टाकलं.